परदेशी शिक्षणाचा हिशेब : आडसाली लागणीइतका आधी



अलीकडे मे-जून महिना आला की गट ऑफिसात एक नवाच दाखला मागायला सभासद येऊ लागले आहेत. पूर्वी ऊस बिलाचा दाखला लागे तो पोराच्या होस्टेलला, नाहीतर बँकेच्या ट्रॅक्टर कर्जाला. आता म्हणतात, "साहेब, जरा इंग्रजीत लिहून द्या. पोरगं लंडनला चाललंय." ऐकून ऊर भरून येतो. ज्यांच्या बापाने पाटाच्या पाण्यावर रात्र काढली, त्यांची मुले परदेशी विद्यापीठात जातात, ही सहकाराचीच कमाई आहे.

पण एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. दाखला मागायला येतात तेव्हा बहुतेकांना उशीर झालेला असतो. आडसाली ऊस आपण जुलै-ऑगस्टात लावतो आणि तो तुटायला १६ ते १८ महिने घेतो. लावणीच आज आणि तोड पुढच्या महिन्यात असे कोणी म्हणत नाही. परदेशी शिक्षणाचेही तसेच आहे. आज पाय ठेवायचा विचार केला तर विमानात बसायला दीड वर्ष धरावे. हे शहाणपण मला पुस्तकातून आले नाही. माथेरानच्या डोंगरावर ठेच लागली तेव्हा आले. ती हकीकत आणि तिच्यातून निघालेला हिशेब आपल्यापुढे ठेवतो.

ठेच कशी लागली

माझी धाकटी बहीण माथेरानला दिली आहे. तिथे ऊस नाही. सुमारे ८०० मीटर उंचीचा डोंगर, लाल मातीचे रस्ते, मोटारी दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाहीत, तांदळाच्या पोत्यापासून गॅसच्या सिलिंडरपर्यंत सगळे घोड्यावर नाहीतर डोक्यावर वर चढते. पाहुण्यांच्या सहा खोल्या भाड्याने देण्याच्या आणि त्याला जोडून खाणावळ. आपला जसा गळीत हंगाम, तसा त्यांचा सीझन. दिवाळी, नाताळ आणि मे महिना. पाऊस लागला की नेरळहून वर येणारी छोटी गाडी बंद होते, खोल्यांना कुलपे लागतात आणि चार महिने साठवलेल्यावर घर चालते.

भाचा कर्जतच्या बाजूला इंजिनिअर झाला. २०२४ च्या सप्टेंबरसाठी त्याला इंग्लंडमध्ये एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला. घरात पेढे वाटले. एका एजंटाने सांगितले, "कर्ज मंजूर आहेच. वरचे दहा लाख खात्यात दाखवा. महिनाभर दाखवायचे, मग ज्याचे त्याला परत." पाहुण्यांचे सहा लाख पतसंस्थेत होते, ते काढून बँकेत टाकले. उरलेले चार लाख मी पाठवले. माझ्या उसाचे बिल आले होते, सोसायटीची वसुली जाऊन जे राहिले ते.

अर्ज नामंजूर झाला. कारण एका ओळीचे होते : आवश्यक रक्कम खात्यात सलग २८ दिवस नव्हती. आमचे पैसे खात्यात होते १९ दिवस. व्हिसाची फी गेली, वर्ष गेले. दोष त्या कार्यालयाचा नाही. नियम आधीपासून लिहिलेला होता, आम्ही वाचला नव्हता.

आठ दिवसांनी बहिणीचा फोन आला. "दादा, वडिलांच्या जमिनीत माझा वाटा आहे ना? माळाखालचं एक एकर विकू या. पोराचं वर्ष वाया नको." खरे सांगतो, माझ्या पोटात गोळा आला. वाटा तिचा आहे, कायद्याने आहे आणि न्यायानेही आहे, नाही म्हणायचा मला हक्क नाही. पण ते एकर पाण्याखालचे. मी एवढेच म्हणालो, "ताई, विकायच्या आधी एकदा बसून हिशेब करू. मी येतो." आणि गणपती झाल्यावर नेरळला उतरून वर गेलो. पाऊस ओसरत होता, खाणावळ बंद होती. जेवणाच्या टेबलावर वही उघडून आम्ही चौघे दोन दिवस बसलो. पुढे लिहिले आहे ते त्या वहीतले आहे. फक्त आकडे नंतर बदललेले धरून दिले आहेत.

धडा पहिला : पैशाला वय असते

व्हिसा देणारा अधिकारी पैसे किती एवढेच पाहत नाही. ते कधीपासून आहेत, कुठून आले आणि कोणाचे आहेत हेही पाहतो.

इंग्लंडचा नियम असा. विद्यापीठाची राहिलेली फी आणि जास्तीत जास्त ९ महिन्यांचा राहण्याचा खर्च एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात पाहिजे. एक दिवसही ती कमी होता कामा नये. आणि ज्या तारखेला हे २८ दिवस संपतात, ती तारीख अर्जाच्या दिवसापासून ३१ दिवसांपेक्षा जुनी चालत नाही. राहण्याचा खर्च नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमध्ये दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात. म्हणजे लंडनबाहेर ९ महिन्यांचे १०,५३९ पौंड झाले. अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशीचा आकडा सरकारी पानावर पाहून घ्यावा, कारण तो बदलत असतो.

आता आपली अडचण बघा. सप्टेंबरात शिकायला जायचे तर अर्ज जून ते ऑगस्टात जातो. त्याच महिन्यात आपल्या खात्याची काय दशा असते? बिल एप्रिलपर्यंत आलेले असते, सोसायटी भरलेली असते, आडसालीचे बेणे, खत, मजुरी सुरू असते. माथेरानकरांचा तो कुलपांचा काळ. म्हणजे अधिकाऱ्याला ज्या महिन्यात पैसे सर्वांत जास्त दिसायला हवेत, त्याच महिन्यात आपल्याकडे ते सर्वांत कमी असतात. ह्यावर उपाय एकच. बिल जमा होताच शिक्षणाची रक्कम वेगळ्या खात्यात काढायची आणि व्हिसा हातात पडेपर्यंत तिला हात लावायचा नाही. बेसल डोससुद्धा त्यातून घ्यायचा नाही.

आणि 'दाखवायचे पैसे' हा शब्द घरातून काढून टाका. नियमात बसले तरी ते पैसे महिन्याने परत जाणारच. मग परक्या मुलखात पोराने डिसेंबरच्या थंडीत खोलीचे भाडे कशातून द्यायचे? खोटे बँकपत्र आणणारे तर कुळाला बुडवतात. इंग्लंडमध्ये फसवणूक उघडकीस आली तर पुढचे अर्ज दहा वर्षांपर्यंत नाकारले जाऊ शकतात.

धडा दुसरा : पैसे कुठे ठेवलेत

हे वाचून काही सभासदांना वाईट वाटेल, पण सांगणे भाग आहे. जमीन, घर, सोने, कारखान्याचे शेअर, प्रॉव्हिडंट फंड ही सगळी आपली पत आहे. पण इंग्लंडच्या अर्जात ती रोख रक्कम म्हणून धरली जात नाही. पैसे लगेच काढता येतील असे हवेत. शिवाय ज्या संस्थेत ते आहेत ती अधिकृत नियामकाच्या देखरेखीखालची हवी, तिचे व्यवहार संगणकावर हवेत आणि परदेशी अधिकाऱ्याला तिच्याकडून पडताळणी करता आली पाहिजे. गावची पतसंस्था किंवा विकास सोसायटी कितीही विश्वासाची असली तरी रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीत येत नाही. आपण सहकारातली माणसे, ठेव आपल्याच संस्थेत ठेवतो, ठेवावीही. पण परदेशी शिक्षणाची रक्कम अर्जाच्या चार-सहा महिने आधी राष्ट्रीयीकृत किंवा शेड्यूल्ड बँकेत नेऊन ठेवावी.

पैसे आईवडिलांच्या नावावर असले तर चालतात. मामाच्या, चुलत्याच्या नावावरचे चालत नाहीत. मामाला द्यायचेच असतील तर त्याने ते वेळेवर आईच्या किंवा वडिलांच्या खात्यात द्यावेत आणि ते बक्षीस की हातउसने, हे कागदावर लिहावे.

धडा तिसरा : शेतकऱ्याचे उत्पन्न कागदावर कसे दिसते

शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांकडे रिटर्नच नसते. परदेशी अधिकाऱ्याला वा बँकेला प्रश्न पडतो की हा माणूस वर्षाला चार लाखांचा ऊस घालतो हे कशावरून? त्यासाठी पुढील कागद एका फाईलीत लावा :

सातबारा आणि आठ-अ. कारखान्याकडील मागील तीन हंगामांचा ऊस पुरवठा आणि बिलाचा उतारा. ज्या खात्यात बिल जमा झाले त्याचा बँक उतारा, म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांना जुळतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. मराठी कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर, कारण इंग्रजी नसलेला कागद भाषांतराशिवाय धरत नाहीत.

आणि जन्मदाखला! आईवडिलांचे पैसे दाखवायचे तर नाते सिद्ध करावे लागते. शाळा सोडल्याचा दाखला तिथे पुरत नाही. जन्माची नोंद झालेली नसेल तर वर्षानंतरची नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही, त्याला महिने लागतात. नावाचाही घोळ असतो. पासपोर्टावर एक, सातबाऱ्यावर दुसरे, बँकेत तिसरे. आमच्या फाईलीत तर वेगळीच गोष्ट सापडली. सातबारा काढला तर त्यावर बहिणीचे नावच नव्हते. जिचा वाटा विकायचे बोलणे चालले होते, ती कागदावर नव्हतीच. चूक माझी. त्या दिवाळीपूर्वी तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला. परदेशी शिक्षणाने निदान एवढे तरी केले.

धडा चौथा : खरा खर्च किती

अधिकाऱ्याला दाखवायचा आकडा वेगळा आणि घराला लागणारा वेगळा. दुसरा नेहमी मोठा असतो. लंडनबाहेरच्या एका वर्षाच्या एम.एस्सी.चा नमुना हिशेब देतो. पौंडाचा भाव १२० रुपये धरला आहे. फी प्रत्येक विद्यापीठाची निराळी, इथे १८,००० पौंड धरली आहे.

शिक्षण फी : १८,००० पौंड.
राहणे-जेवणे, १२ महिने, दरमहा १,००० पौंड : १२,००० पौंड.
व्हिसा फी (२०२५ च्या दराने) : ५२४ पौंड.
तिथल्या सरकारी दवाखान्याचा अधिभार, वर्षाला ७७६ प्रमाणे दीड वर्षाचा : १,१६४ पौंड.
एकूण ३१,६८८ पौंड, म्हणजे ३८,०२,५६० रुपये.
विमान, गरम कपडे, इंग्रजीची परीक्षा, क्षयाची तपासणी, कागदपत्रे, पहिल्या महिन्याची भांडीकुंडी : दीड लाख.

सर्व मिळून साडेएकोणचाळीस लाख झाले.

आता हाच आकडा उसात मोजू. तीन एकर ऊस, एकरी ४० टन, म्हणजे १२० टन. तोडणी-वाहतूक जाऊन टनाला ३,००० रुपये हातात आले असे धरा. ३,६०,००० झाले. मशागत, बेणे, खत, पाणी ह्यात निम्मे गेले तर राहतात १,८०,०००. साडेएकोणचाळीस लाखांना भागा. बावीस हंगाम! पोटाला काही न खाता बावीस हंगाम. पाहुणे वहीकडे बघत म्हणाले, "आणि आमचे सीझन मोजले तर?" कोणी मोजले नाहीत.

गरम कपड्यांचा खर्च वायफळ समजू नका. आनंदीबाई जोशी कल्याणच्या. नेरळ-कर्जतची लोकल जिथून जाते त्याच कल्याणच्या. १८८३ साली त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. पण तिकडे तब्येत ढासळली ती ढासळली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधी. खाणे आणि ऊब ह्यात काटकसर करून पदवी आणू नये.

धडा पाचवा : कर्जाची कसोटी

शैक्षणिक कर्ज मिळते, पण त्याचे गणित आधी समजून घ्या. साधारणपणे साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला तारण लागते. शेतजमीन बहुतेक बँका ह्या कर्जाला तारण घेत नाहीत, कारण २००२ च्या सरफेसी कायद्याने होणारी जप्ती शेतजमिनीला लागू नाही. बिगरशेती घर, ठेव, विमा पॉलिसी असले तारण मागतात. परदेशी शिक्षणाच्या खर्चातील साधारण १५ टक्के वाटा स्वतःचा घालावा लागतो. हप्ते बहुधा अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढते.

समजा ३० लाख कर्ज, व्याज १० टक्के. दोन वर्षांत ६ लाख व्याज साचले, झाले ३६ लाख. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ४७,६०० रुपये हप्ता. आता स्वतःला एकच प्रश्न विचारा : पोरगा शिकून परत आला आणि त्याला पुण्या-मुंबईत ५०,००० ची नोकरी लागली, तर हा हप्ता जाईल का?

ह्याला मी 'परत आला तर'ची कसोटी म्हणतो. आपण सगळे हिशेब 'तिकडेच नोकरी लागली तर' असे करतो. पण शिक्षणाचा व्हिसा हा शिकण्यासाठी असतो, नोकरीची हमी त्यात नाही. इंग्लंडमध्ये पदवीनंतर नोकरी शोधायला दोन वर्षे राहता येते. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती मुदत दीडच वर्ष राहणार आहे. अमेरिकेच्या व्हिसाला तर मुलाखतीतच पटवून द्यावे लागते की शिकून मी परत जाणार. तिथे आय-२० नावाचा विद्यापीठाचा कागद, ३५० डॉलरची नोंदणी फी आणि १८५ डॉलरची व्हिसा फी भरून मुंबईला मुलाखत होते, आणि नकार आला तरी फी परत मिळत नाही. शिकत असताना काम करून खर्च निघेल, ह्यावरही विसंबू नये. इंग्लंडमध्ये पदवी अभ्यासक्रमाच्या सत्रात आठवड्याला २० तासच काम करता येते. त्यातून भाजीपाला निघतो, फी निघत नाही.

पैसे संपले की केवढ्या माणसालाही परतावे लागते, ह्याचे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. १९१६ साली ते लंडनला आले, पण मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मग मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, राजर्षी शाहू महाराज आणि मित्र नवल भथेना ह्यांची मदत झाली आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. त्यांची जिद्द सर्वांच्या अंगी नसते. म्हणून शेवटच्या महिन्यापर्यंतचा पैसा निघण्यापूर्वीच मांडून ठेवावा.

धडा सहावा : सरकारी शिष्यवृत्ती आधी, कर्ज नंतर

आपले लोक आधी कर्ज बघतात आणि शिष्यवृत्ती मुदत संपल्यावर ऐकतात. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा समाजातील मुलामुलींसाठी सारथी संस्थेची सयाजीराव गायकवाड महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. इतर मागासवर्गीय, भटके-विमुक्त, आदिवासी आणि खुल्या गटातील विद्यार्थ्यांसाठीही राज्याच्या निरनिराळ्या विभागांच्या योजना आहेत. जागा थोड्या, विद्यापीठ जगाच्या क्रमवारीत वरचे असावे लागते आणि उत्पन्नाची अट असते. जाहिरात निघाली की मुदत थोडी असते, म्हणून जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला तयार हवा. मुंबईचा जे. एन. टाटा निधी १८९२ पासून परदेशी शिक्षणाला कर्जरूपी शिष्यवृत्ती देत आला आहे.

पैसे तिकडे पाठवताना बँक कर कापते, त्याचीही माहिती असावी. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांपर्यंत कापत नाहीत, आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या फीवर कापत नाहीत. कापला तरी रिटर्न भरून तो परत मागता येतो. त्यासाठी तरी पॅन कार्ड आणि रिटर्न असू द्यावे.

मग भाच्याचे काय झाले

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही मिटायच्या आधी भाचाच म्हणाला, "मामा, परत आलो तर हा हप्ता मला झेपत नाही. जमीन नको विकायला. मी दुसरं बघतो."

त्याने खालापूर भागात एका कारखान्यात नोकरी धरली आणि रात्री जर्मन शिकू लागला. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण फी नसते, सत्राची थोडी वर्गणी असते. बाडेन-वुर्टेम्बर्ग प्रांतात मात्र परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. तिकडचा पैशाचा नियमही सरळ आहे. एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात आधीच भरायचे. तिथे पोचल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो मुलाच्या हातात पडतात. युरोला १०५ रुपये धरले तर साडेबारा लाख झाले. शिवाय आपल्या पदव्यांची पडताळणी करणारे एपीएस प्रमाणपत्र लागते, त्याची फी १८,००० रुपये, व्हिसाची ७५ युरो. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे. मात्र अभ्यासक्रम बहुधा दोन वर्षांचा आणि भाषा आली नाही तर नोकरी अवघड.

साडेबारा लाखांत पाहुण्यांचे सहा, भाच्याच्या वर्षाच्या पगारातले तीन, आणि राहिलेले साडेतीन लाख बँकेचे कर्ज, ज्याला तारण लागले नाही. माझे चार लाख मला परत आले. २०२५ च्या शरदात तो गेला. सगळे गोड झाले असे नाही. दुसऱ्या वर्षाचे पैसे अजून उभे करायचे आहेत, एका गोदामात तो शनिवारी पेट्या उचलतो आणि फोनवर आईला "जेवलो" एवढेच सांगतो. पण परत आला तरी ह्या घरावर बोजा राहणार नाही, आणि माळाखालच्या एकरात ह्या वर्षी खोडवा उभा आहे. सातबाऱ्यावर आता दोन नावे आहेत.

सभासदांनी करायचे काय

मुलगा-मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आदल्या वर्षात असतानाच पासपोर्ट, जन्मदाखला आणि नावांची दुरुस्ती. त्याच पावसाळ्यात 'परत आला तर'चा हिशेब घरातल्या सर्वांनी, आईलाही धरून, बसून करायचा. दिवाळीपर्यंत भाषेची परीक्षा, हिवाळ्यात विद्यापीठाचे अर्ज आणि शिष्यवृत्तीच्या जाहिरातीवर नजर. बिल जमा होताच रक्कम वेगळ्या बँक खात्यात. एप्रिल-मेमध्ये कर्ज मंजुरी आणि कारखान्याचा दाखला. जूनमध्ये व्हिसाचा अर्ज. एजंटाने भरला तरी प्रत्येक पान स्वतः वाचून मगच सही.

ज्यांची मुले अजून शाळेत आहेत त्यांच्यासाठी एक विनंती. माथेरानात १९१२ साली जन्मलेले हुतात्मा भाई कोतवाल १९४३ साली सिद्धगडावर देशासाठी गेले, हे आपल्याला ठाऊक असते. पण त्याआधी त्यांनी त्या भागातला शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून धान्याच्या कोठ्या काढल्या होत्या. कोठीचा नियम साधा असतो, सुगीत भरायची म्हणजे टंचाईत हात पसरावा लागत नाही. आपणही प्रत्येक घरी शिक्षणाची कोठी काढावी. टनाला ५०० रुपये बाजूला काढले तर १२० टनांचे वर्षाला ६०,००० होतात, दहा वर्षांत ६ लाख, वर व्याज. वर मांडलेल्या साडेएकोणचाळीस लाखांचा १५ टक्के वाटा एवढाच येतो. मूल परदेशी गेले नाही तरी ते पैसे वाया जात नाहीत. पुण्याला, मुंबईला, कुठेही शिक्षणाला लागतातच.

दाखल्यासाठी गट ऑफिसात जरूर यावे. फक्त जूनमध्ये नको. ऊस उभा असतानाच यावे.

आपला,
एक सभासद